लॅब्रॅडोर कुत्रा : उगम, शरीर आणि वर्गातील पाठ



पाळीव प्राण्यांचा पाठ आपल्या शाळांतून दरवर्षी होतो. गाय, बैल, म्हैस, शेळी ह्यांच्याविषयी खेड्यातील मुलांना शिक्षकापेक्षाही अधिक ठाऊक असते. परंतु कुत्र्याच्या वाट्याला मात्र ठरलेली दोनच वाक्ये येतात : तो इमानी आहे आणि तो घराची राखण करतो. एवढे सांगून आपण पुढच्या प्राण्याकडे वळतो. वास्तविक भूगोल, इतिहास, जीवशास्त्र आणि आरोग्य ह्या चारही विषयांना जोडणारा असा दुसरा प्राणी सापडणे कठीण. त्या दृष्टीने एका विशिष्ट कुत्र्याची माहिती येथे देण्याचे योजिले आहे. तो कुत्रा म्हणजे लॅब्रॅडोर.

हाच का निवडला, असे कोणी विचारील. एक तर तो आता केवळ शहरात राहिलेला नाही. रस्त्यालगतची शेतघरे, पोलीस पथके, रेल्वेस्थानके अशा ठिकाणी मुले त्याला प्रत्यक्ष पाहतात आणि त्याचे नावही ती जाणतात. अमेरिकेतील नोंदणी संस्थेच्या यादीत १९९१ पासून २०२१ पर्यंत सलग ३१ वर्षे हा कुत्रा पहिल्या क्रमांकावर होता. २०२२ साली फ्रेंच बुलडॉगने त्याला मागे टाकले. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. ह्या कुत्र्याची हकीकत नीट सांगितली, तर आपल्या भाषेतील एका शब्दाने मुलांच्या मनात होणारा घोटाळा दूर होतो. त्या शब्दाविषयी आधी बोलणे अवश्य आहे.

'जात' हा शब्द

मराठीत 'जात' हा एकच शब्द आपण तीन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरतो. खिल्लार किंवा देवणी ही बैलाची जात म्हणतो. शास्त्राच्या पुस्तकात 'जाती' म्हणजे परस्परांत प्रजनन होऊ शकणाऱ्या सजीवांचा गट. त्या अर्थाने जगातील सर्व कुत्री मिळून जाती एकच. आणि तिसरा अर्थ कोणता, हे गावात राहणाऱ्या शिक्षकाला सांगण्याची जरुरी नाही.

एका शाळेच्या भेटीत सहावीच्या वर्गात मी विचारले, "गावातला कुत्रा आणि लॅब्रॅडोर ह्यांत फरक काय?" पुढच्या बाकावरील मुलाने तत्काळ उत्तर दिले, "गावातला हलक्या जातीचा, लॅब्रॅडोर उच्च जातीचा." उत्तर बरोबर म्हणून ते फळ्यावरही लिहिले गेले. त्या मुलाच्या मनात वाईट काहीच नव्हते; ऐकलेले शब्द त्याने पुढे ठेवले. परंतु त्याच वर्गात अशी मुले बसलेली असतात, ज्यांनी 'हलकी जात' हे शब्द स्वतःच्या घराविषयी ऐकलेले आहेत. प्राण्यांमध्ये निसर्गानेच उच्चनीच ठेवले आहे असे शाळेत शिकलेले मूल ती समजूत माणसांवर लावण्यास वेळ लावीत नाही.

म्हणून माझी सूचना अशी की, कुत्र्याच्या पाठात 'वाण' हा शब्द योजावा. बियाण्याचे वाण शेतकऱ्याच्या मुलाला परिचित आहे. वाण माणूस तयार करतो, विशिष्ट कामासाठी तयार करतो, आणि एका रानाला मानवणारे वाण दुसऱ्या रानाला मानवेलच असे नसते, हे त्याला सांगावे लागत नाही. 'जातिवंत', 'खानदानी' ही विशेषणे टाळलेली बरी. आणि मुलांना हेही स्पष्ट सांगावे की कुत्र्यांचे वाण माणसाने नर-मादी निवडून घडविले. माणसांतील जाती मात्र अशा कोणी पैदास करून घडविलेल्या नाहीत, ती समाजाने केलेली विभागणी आहे. ह्या दोहोंची तुलना करणे शास्त्राला धरून नाही. मूल लहान असले तरी एवढे वाक्य त्याला कळते.

आता मूळ हकीकतीकडे वळू. ती ऐकल्यावर 'उच्च कुळा'ची कल्पना आपोआप गळून पडते.

उगम : न्यूफाउंडलंडचा किनारा

वर्गात जगाचा नकाशा टांगावा. उत्तर अमेरिकेच्या पूर्व टोकाशी न्यूफाउंडलंड हे मोठे बेट दाखवावे. त्याच्या वायव्येस, एका अरुंद सामुद्रधुनीपलीकडे, मुख्य भूमीवर लॅब्रॅडोर नावाचा प्रदेश आहे. १९४९ साली हे दोन्ही कॅनडात सामील झाले आणि २००१ पासून प्रांताचे अधिकृत नावच 'न्यूफाउंडलंड आणि लॅब्रॅडोर' असे झाले. येथे मुलांना एक गंमत सांगता येईल. लॅब्रॅडोर कुत्रा लॅब्रॅडोरचा नाही, तो न्यूफाउंडलंडचा! त्या काळी इंग्लंडमधील लोक तो सारा किनारा एकाच नावाने ओळखीत, त्यातून हे नाव चिकटले ते कायमचे.

सहावी-सातवीच्या भूगोलात लॅब्रॅडोरचा शीत प्रवाह आणि गल्फ स्ट्रीम हा उष्ण प्रवाह येतो. मुले दोन्ही नावे पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. ते प्रवाह ह्या कुत्र्याच्या कथेत जोडून दिले तर विसरणार नाहीत. न्यूफाउंडलंडची राजधानी सेंट जॉन्स सुमारे साडेसत्तेचाळीस अंश उत्तर अक्षवृत्तावर आहे, म्हणजे लंडनच्याही दक्षिणेस. तरीही तेथे लंडनपेक्षा कडक थंडी पडते, समुद्रातून हिमनग वाहत येतात. कारण ध्रुवाकडून येणारा शीत प्रवाह किनाऱ्याला घासून जातो. हे दोन प्रवाह जेथे मिळतात त्या उथळ समुद्रात माशांचे खाद्य विपुल होते, म्हणून तेथील ग्रँड बँक्स हे कॉड माशांचे जगप्रसिद्ध क्षेत्र बनले. सोळाव्या शतकापासून इंग्लंड, फ्रान्स, पोर्तुगाल, स्पेन येथील मच्छिमार गलबते घेऊन तेथे जात. (हा मासा इतका पकडला गेला की १९९२ साली कॅनडाच्या सरकारला तेथील कॉडची मासेमारी बंद करावी लागली. हा स्वतंत्र पाठाचा विषय आहे.)

गलबतांबरोबर माणसांप्रमाणे कुत्रीही गेली. निरनिराळ्या देशांची, निरनिराळ्या आकारांची. बेटावर त्यांची मनमुराद सरमिसळ झाली. कोणी वंशावळ लिहीत नव्हते, कोणी नर-मादीची निवड करीत नव्हते. थंड पाण्यात जो टिकला आणि मच्छिमाराच्या उपयोगी पडला तोच राहिला. ह्या सरमिसळीतून दोन प्रकार पुढे आले. एक थोराड व लांब केसांचा, त्याला पुढे न्यूफाउंडलंड कुत्रा म्हणू लागले. दुसरा मध्यम बांध्याचा, आखूड दाट केसांचा, काळा आणि बहुधा छातीवर व पंजांवर पांढरा ठिपका असलेला. तो सेंट जॉन्सचा पाणकुत्रा. आजच्या लॅब्रॅडोरचा पूर्वज हाच.

त्याचे काम कष्टाचे होते. गळातून सुटलेला मासा तो पाण्यात उडी घेऊन तोंडात धरून आणी. जाळ्याची दोरी दातांत पकडून किनाऱ्यापर्यंत पोहत जाई. दिवसभर धन्याबरोबर होडीत आणि बर्फासारख्या पाण्यात वावरणारा हा मजूर कुत्रा होता. आपल्या गावच्या मोत्याहून किंवा वाघ्याहून त्याचे कूळ रतीभरही थोर नव्हते, हे मुलांना मुद्दाम सांगावे.

इंग्लंडला आगमन

वाळवलेले व खारवलेले मासे घेऊन न्यूफाउंडलंडची जहाजे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पूल ह्या बंदरात येत. त्यांवर हे कुत्रेही असत. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी बंदराजवळच राहणारे माम्सबरीचे दुसरे अर्ल ह्यांची नजर त्यांवर गेली. त्यांच्या जमिनीचा बराच भाग दलदलीचा होता आणि पाणपक्ष्यांची शिकार हा त्या वर्गाचा छंद. पाण्यात पडलेला पक्षी न चावता आणून देणारा कुत्रा त्यांना हवाच होता. त्यांनी काही कुत्री घेतली आणि त्यांचे पुत्र तिसरे अर्ल ह्यांनी ती पैदास काळजीपूर्वक चालू ठेविली. ह्या कुत्र्यांना 'लॅब्रॅडोर' म्हणण्याची रीत त्यांच्याच घराने रूढ केली.

स्कॉटलंडमध्ये बक्लूच्या ड्यूक घराण्यानेही अशी कुत्री स्वतंत्रपणे आणविली होती. १८८० नंतरच्या दशकात तिसऱ्या अर्लनी आपल्याकडील काही कुत्री सहाव्या ड्यूकांना दिली. त्यांतील नेड आणि एव्हन ह्या दोन नरांची नावे ह्या वाणाच्या इतिहासात आवर्जून घेतली जातात. आज जगभर पसरलेल्या लॅब्रॅडोर कुत्र्यांचे मूळ शोधीत गेल्यास ते ह्या मूठभर प्राण्यांपर्यंत पोहोचते.

हे घडत असताना मूळ बेटावर काय झाले? तेथे मेंढ्यांची पैदास वाढविण्याचे धोरण आले आणि मेंढ्यांना त्रास देणारी म्हणून कुत्र्यांवर निर्बंध आले. १७८० सालीच गव्हर्नर रिचर्ड एडवर्ड्स ह्यांनी एका घरी एकच कुत्रा असावा असा हुकूम काढला होता. १८८५ च्या कायद्याने तर कुत्र्यांवर परवाना आणि काही भागांत सरसकट बंदी घालण्याची मुभा मिळाली. इकडे इंग्लंडने रेबीज हटविण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाहेरून येणाऱ्या कुत्र्यांना अलग ठेवण्याचा कडक नियम केला. त्यामुळे रेबीज त्या देशातून हटला, पण न्यूफाउंडलंडहून नवी कुत्री येणेही थांबले. सेंट जॉन्सचा पाणकुत्रा बेटावर हळूहळू कमी होत गेला. १९८० च्या सुमारास एका दूरच्या मच्छिमार वस्तीत दोन म्हातारे नर शिल्लक होते. त्यांच्याबरोबर ते वाण संपले. लेकरू जगभर नांदते आहे आणि मायबाप नामशेष झाले, अशी ही स्थिती.

इंग्लंडमधील केनेल क्लब ह्या संस्थेने १९०३ साली लॅब्रॅडोर हे स्वतंत्र वाण म्हणून मान्य केले. अमेरिकेत ही मान्यता १९१७ साली मिळाली. 'शंभर नंबरी शुद्ध' म्हणून ज्याची किंमत सांगितली जाते त्या वाणाचे वय हे एवढे. आपल्या पणजोबांच्या जन्माच्या वेळी ते कागदावर नुकतेच आले होते.

शरीर आणि काम

लॅब्रॅडोरचे वर्णन पाठ करून घेण्यात अर्थ नाही. प्रत्येक अवयव पाहून 'हा असा का?' असे विचारावे, म्हणजे वर्णन आपोआप लक्षात राहते.

बांधा मध्यम ते थोराड. खांद्यापाशी उंची सुमारे ५५ ते ५७ सेंटिमीटर, मादी किंचित ठेंगणी. अमेरिकेतील कुत्री थोडी अधिक उंच असतात. वजन साधारण २५ ते ३६ किलो. कपाळ रुंद, छाती खोल व भरदार, कान लोंबते, डोळे तपकिरी. दात ४२, ते इतर सर्व कुत्र्यांइतकेच. पिलाचे दुधाचे दात २८.

केस आखूड असून त्यांचे दोन थर असतात. वरचा थर जाडाभरडा आणि सरळ, खालचा मऊ व अतिशय दाट. खालच्या थरात हवा कोंडून राहते आणि कातडीपर्यंत पाणी सहजासहजी पोहोचत नाही. हिवाळ्यात अंगावर गोधडी आणि वरून घोंगडे घेतल्यासारखी ही व्यवस्था आहे. न्यूफाउंडलंडच्या पाण्यात लांब केसांचा कुत्रा बाहेर आला की केसांवर बर्फ गोठून तो जड होई. आखूड केसांच्या कुत्र्याला ही अडचण नसे. मच्छिमारांना हाच का आवडला, ते ह्यावरून कळते.

शेपटी पाहावी. बुंध्याशी जाड, गोल, चोहोबाजूंनी दाट आखूड केसांची आणि टोकाकडे निमुळती. पाणमांजराच्या शेपटीशी तिचे इतके साम्य आहे की इंग्रजीत तिला त्याच प्राण्याचे नाव दिले आहे. पोहताना ती सुकाणूसारखी उपयोगी पडते. पंजांच्या बोटांमध्ये कातडीचा पडदा असतो. थोडा पडदा सर्वच कुत्र्यांना असतो, ह्याला तो अधिक पसरलेला असतो. बदकाचा पाय मुलांनी पाहिलेला असल्यास तुलना करून घ्यावी.

सर्वांत नवलाची गोष्ट त्याच्या जबड्याची. 'रिट्रीव्हर' म्हणजे पडलेली वस्तू शोधून आणून देणारा. लॅब्रॅडोर तोंडात कोंबडीचे अंडे धरून न फोडता आणू शकतो. जबड्यात बळ नसते म्हणून नव्हे. बळ आवरून धरण्याचा स्वभाव पिढ्यान्पिढ्या निवडून घेतला म्हणून. तोंडात काहीतरी धरण्याची ही ओढ इतकी उपजत आहे की लहान पिलू घरातल्या चपला पळविते आणि मार खाते. ते चोर नव्हे. त्याच्या पूर्वजांना ज्याबद्दल मासा मिळे तेच ते करीत असते.

धन्याबरोबर काम करण्याची आवड, शिकण्याची तत्परता आणि तीव्र घ्राणेंद्रिय ह्या गुणांमुळे पुढे त्याच्याकडे नवी कामे आली. अंधांना वाट दाखविणे, ढिगाऱ्याखालील माणसे शोधणे, स्फोटके हुडकणे. ह्या बाबतीत मुंबईचे उदाहरण सांगावे. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत बाँबस्फोटांची मालिका झाली. त्यानंतरच्या शोधात मुंबई पोलिसांच्या पथकातील 'झंजीर' नावाच्या लॅब्रॅडोरने ३,००० किलोहून अधिक आरडीएक्स, शेकडो डिटोनेटर आणि हातबाँब हुडकून काढण्यास साहाय्य केले. नोव्हेंबर २००० मध्ये तो हाडांच्या कर्करोगाने मरण पावला तेव्हा पोलिसांनी त्याला सन्मानाने निरोप दिला. मासा शोधणाऱ्या नाकाने मुंबईतील किती माणसे वाचविली, ह्याचा हिशेब करता येणार नाही.

रंगांचा पाठ

लॅब्रॅडोरचे मान्य रंग तीन : काळा, पिवळा आणि तपकिरी. पिवळ्यात दुधी सायीपासून कोल्ह्यासारख्या तांबूस छटेपर्यंत सर्व येते. एकाच मादीच्या एकाच वेतात तिन्ही रंगांची पिले होऊ शकतात. काळ्या आई-बापांना पिवळे पिलू झाले तर मुलांना नवल वाटते. प्रारंभी बड्या शिकाऱ्यांना केवळ काळा रंग हवा असे आणि पिवळी-तपकिरी पिले जन्मताच मारून टाकण्याची रीत होती. त्याच आईची, त्याच वेतातील, तितकीच गुणी पिले. १८९९ साली जन्मलेल्या 'बेन ऑफ हाइड' ह्या पिवळ्या नराची नोंद झाली आणि मग हळूहळू तो रंग मान्य होत गेला. तपकिरी रंगाला मान मिळण्यास आणखी बराच काळ लागला. वर्गात ही गोष्ट सांगताना मुलांना थोडा वेळ गप्प राहू द्यावे.

आता त्यामागील शास्त्र. सजीवांचे गुण ठरविणाऱ्या घटकांना जनुके म्हणतात. प्रत्येक गुणासाठी पिलाकडे जनुकांची जोडी असते. एक बापाकडून, एक आईकडून. लॅब्रॅडोरच्या रंगासाठी दोन जोड्या पाहाव्या लागतात. पहिली जोडी गडद रंग काळा की तपकिरी हे ठरविते. त्यात काळ्याचे जनुक प्रभावी, म्हणजे एक असले तरी पुरे. दुसरी जोडी तो गडद रंग केसांत उतरू द्यावयाचा की नाही हे ठरविते. 'उतरू दे' हे जनुक प्रभावी. 'उतरू नको' अशी दोन्ही आली तर पहिली जोडी काहीही असो, कुत्रा पिवळाच. मात्र त्याच्या कातडीत रंग उतरतो, म्हणून बहुतेक पिवळ्या लॅब्रॅडोरचे नाक काळे दिसते.

सातवी-आठवीसाठी ह्याचा खेळ करता येतो. खर्च नाही. चार वाट्या घ्याव्यात, दोन बापाच्या, दोन आईच्या. प्रत्येकाच्या पहिल्या वाटीत एक उडदाचा आणि एक मटकीचा दाणा. दुसऱ्या वाटीत एक हरभरा आणि एक वाटाणा. उडीद म्हणजे काळ्याचे जनुक, मटकी म्हणजे तपकिरीचे. हरभरा म्हणजे 'उतरू दे', वाटाणा म्हणजे 'उतरू नको'. मुलाने डोळे मिटून प्रत्येक वाटीतून एक असे चार दाणे उचलावे. दोन्ही वाटाणे आले तर पिलू पिवळे. निदान एक हरभरा असला तर उडीद-मटकी पाहावी : एक जरी उडीद असला तर काळे, दोन्ही मटकी असल्यास तपकिरी. रंग फळ्यावर लिहून दाणे ज्याच्या त्याच्या वाटीत परत टाकावे, हे विसरू नये.

बत्तीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाने तीन वेळा दाणे उचलले तर ९६ पिले होतील. हिशेबाप्रमाणे त्यांत ५४ काळी, १८ तपकिरी आणि २४ पिवळी असावीत, म्हणजे ९ : ३ : ४ हे प्रमाण. प्रत्यक्षात आकडे थोडे पुढेमागे होतील. त्याने गडबडून जाऊ नये आणि आकडे जुळविण्यासाठी मुलांचे दाणे बदलू नयेत. योगायोग म्हणजे काय आणि संख्या वाढली की प्रमाण हिशेबाजवळ कसे येते, हे शिकविण्याची संधी तेथेच आहे. नंतर विचारावे : दोन्ही आई-बाप पिवळे असतील तर पिले कोणत्या रंगाची? दोन्ही तपकिरी असतील तर काळे पिलू होईल काय? पहिल्याचे उत्तर पिवळीच, दुसऱ्याचे नाही. मुलांनी दाणे मांडून ते स्वतः शोधावे.

निवडीची किंमत

थोड्या प्राण्यांतून पिढ्यान्पिढ्या निवड करण्याचे दुष्परिणामही असतात. लॅब्रॅडोरमध्ये मागच्या पायांच्या खुब्याचा सांधा बिघडण्याचा दोष बराच आढळतो. २०१६ साली केंब्रिज येथील संशोधकांनी असे दाखविले की सुमारे एक चतुर्थांश लॅब्रॅडोर कुत्र्यांत एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो. अशा कुत्र्याला पोट भरल्याची जाणीव नीट होत नाही, तो सतत अन्न मागतो आणि लठ्ठ होतो. २०१८ साली ब्रिटनमधील नोंदींच्या अभ्यासात तपकिरी लॅब्रॅडोरचे आयुष्य मध्यमानाने १०.७ वर्षे आणि इतर रंगांच्या लॅब्रॅडोरचे १२.१ वर्षे आढळले. रंगासाठी केलेल्या निवडीबरोबर दुसरे काय काय ओढले जाते, ह्याचे हे बोलके उदाहरण.

गावात कोणी हे पिलू आणण्याच्या विचारात असेल आणि शिक्षकाला विचारील, तर दोन गोष्टी सांगाव्यात. न्यूफाउंडलंडच्या पाण्यासाठी घडलेला तो दुहेरी थर चैत्र-वैशाखात विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात त्याला जाच होतो. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकूनच तो अंग थंड करतो. भर उन्हात पत्र्याच्या शेडखाली बांधलेला लॅब्रॅडोर उष्माघाताने मरू शकतो. दुसरे, आठ आठवड्यांच्या आतील पिलू विकण्यास २०१७ च्या केंद्रीय नियमांनी मनाई आहे. आईपासून फार लवकर तोडलेले पिलू स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. आपल्याकडचा गावठी कुत्रा ह्या हवेसाठी घडला आहे. त्याचे अंग हलके, केस पातळ, अन्न थोडे. राखणीला तो लॅब्रॅडोरहून सरस. लॅब्रॅडोर तर अनोळखी माणसापुढेही शेपूट हलवितो.

चावल्यास

हा भाग गाळू नये. पट्टा घातलेला, विकत आणलेला कुत्रा चावला तर भीती नाही आणि रस्त्यावरचा चावला तरच धोका, अशी समजूत गावोगाव आहे. रेबीजचा विषाणू वाण पाहत नाही. लस न टोचलेला कोणताही कुत्रा रेबीजग्रस्त होऊ शकतो. मूल चावा लपविते, कारण कुत्र्याला डिवचल्याबद्दल घरी मार बसेल अशी त्याला धास्ती असते. म्हणून वर्गात आधीच सांगून ठेवावे की चावा किंवा ओरखडा झाल्यास शिक्षकाला त्याच क्षणी सांगणाऱ्याला कोणी रागावणार नाही.

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. घड्याळ लावून पंधरा मिनिटे; ती फार वाटतात, पण तेवढी लागतात. हळद, चुना, मिरचीपूड, तेल काहीही लावू नये, मंत्र-उताऱ्यात वेळ दवडू नये. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. लस सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळते. जखम खोल किंवा चेहऱ्यावर असल्यास डॉक्टर लसीबरोबर जखमेत निराळे इंजेक्शनही देतात. पुढील सर्व तारखांना मुलाला पाठविले की नाही, ह्याची नोंद वर्गशिक्षकाने हजेरीपटाच्या मागील पानावर ठेवावी. पहिल्या दोन मात्रांनंतर जखम भरून येते आणि पालक थांबतात, असा अनुभव आहे. रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की त्यावर उपाय जवळजवळ उरत नाही.

पाठानंतर मुलांना आठवडाभर गावातील एका कुत्र्याचे निरीक्षण करावयास सांगावे. दुरून, जेवणाऱ्या किंवा पिलांजवळ असलेल्या कुत्रीच्या वाटेस न जाता. केस, शेपटी, पंजे, तो दुपारी कोठे बसतो, काय खातो हे वहीत लिहावे आणि प्रत्येक नोंदीपुढे 'असे का असेल?' ह्याचे आपल्या मनाने उत्तर लिहावे. लॅब्रॅडोरविषयीची उत्तरे वर दिली आहेत. गावच्या कुत्र्याविषयीची उत्तरे मुलांच्या वह्यांतून यावीत. चांगल्या वह्या केंद्रसंमेलनाच्या वेळी सोबत आणाव्यात.